दिवेवाली बाई कोणाची? – हळदणकरांच्या एका चित्राचा इतिहास



व्याख्यानाचा विषय इतिहास आहे, आणि उभा आहे एक होमिओपॅथीचा डॉक्टर. तेव्हा सुरुवात दवाखान्यातूनच करतो. पिरनवाडीला जांबोटीचा रस्ता फुटतो त्या बाजूला माझा दवाखाना आहे, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. रुग्ण बसतात त्या बाकाच्या वर एक छापील चित्र टांगलेले आहे. तुमच्याही घरी ते असेल, निदान मामाच्या नाहीतर आत्याच्या घरी पाहिलेले असेल. काळोखात एक बाई उभी आहे. काठापदराची साडी, एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा ज्योतीला आडोसा. उजेड चेहऱ्यावर, गळ्यावर आणि पदरावर पडला आहे, आणि ज्योतीआडच्या हाताची बोटे आतून पेटल्यासारखी तांबूस दिसतात.

हे चित्र मला दवाखाना उघडला तेव्हा भेट मिळाले. खाली इंग्रजीत छापले होते : राजा रविवर्मा. कुणी विचारले की मी मोठ्या तोऱ्यात सांगत असे, रविवर्म्याचे आहे, मूळ म्हैसूरच्या राजवाड्यात आहे. वीसएक वर्षे मी हे सांगितले. पुढे गुडघेदुखीसाठी एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर येऊ लागले. मूळचे सावंतवाडीकडचे, नोकरीनिमित्त बेळगावात स्थायिक झालेले. पहिल्याच दिवशी त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून चित्र जवळून पाहिले आणि म्हणाले, “डॉक्टर, नाव चुकलंय. हा आमच्या वाडीचा माणूस आहे. हळदणकर.”

मी हसलो. छापलेले नाव बोटाने दाखवले. मास्तर रागावले नाहीत. म्हणाले, “छापणाऱ्याला काय कळतंय? हे जलरंगातलं आहे. रविवर्म्याचं सगळं नाव तैलरंगात. म्हैसूरला गेलात की खालची पाटी तेवढी वाचा.” पुढे जेव्हा जेव्हा ते येत, तेव्हा जाताना चित्राकडे आणि मग माझ्याकडे एकदा बघत. मी काही दाद दिली नाही. रुग्णाने डॉक्टरला शिकवायचे, हे आम्हा लोकांना जरा जडच जाते.

म्हैसूरला मी दोन वर्षांनी गेलो, घरच्यांबरोबर. जगन्मोहन राजवाड्यातील श्री जयचामराजेंद्र कलादालनात ते चित्र अंधाऱ्या जागेत ठेवलेले आहे, म्हणजे बाईच्या चेहऱ्यावरचा उजेड पाहणाऱ्याला नीट जाणवावा. आमच्या मागून आलेल्या सहलीतले लोक एकमेकांना सांगत होते, रविवर्मा, रविवर्मा. मी पाटी वाचली. एस. एल. हळदणकर. ‘ग्लो ऑफ होप’. परत आल्यावर मास्तरांना सांगायचे होते. पण ते त्याच पावसाळ्यात वारले होते. आज जे बोलणार आहे ते खरे म्हणजे त्यांना सांगायचे होते.

सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचा जन्म १८८२ साली सावंतवाडीत झाला. सावंतवाडी म्हणजे आपल्याला परकी नव्हे. आंबोलीचा घाट उतरला की वाडी. आपल्या आजोबा-पणजोबांच्या बैलगाड्या त्याच घाटातून वेंगुर्ल्याला जात असत. हे छोटे संस्थान लाकडी खेळण्यांसाठी आणि हाताने रंगवलेल्या गंजिफांसाठी प्रसिद्ध. रंगाचा आणि लाखेचा वास ज्या गावाच्या अंगालाच लागलेला, तिथला हा मुलगा मुंबईला जाऊन सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. ही शाळा १८५७ ची, म्हणजे बंडाच्या वर्षाची. हळदणकर शिकत होते तेव्हा सेसिल बर्न्स हे तिथे प्राचार्य होते, आणि आपल्या कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर तिथे शिकवत होते. समोरचा माणूस, समोरचे झाड, समोरचा उजेड जसा दिसतो तसा कागदावर आणायचा, ही त्या शाळेची शिस्त.

१९०८ साली हळदणकरांनी मुंबईत स्वतःचा कलावर्ग काढला. पुढे तो हळदणकर फाइन आर्ट इन्स्टिट्यूट म्हणून नावारूपाला आला. १९१८ साली आर्ट सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत ते होते. तैलरंगातही त्यांचा हात उत्तम होता, ‘मोहमेडन पिलग्रिम’ हे त्यांचे तैलचित्र नावाजले गेले. पण जाणकार त्यांचे नाव काढतात ते पारदर्शक जलरंगासाठी. १९६८ साली ते गेले. म्हणजे छापखाना, कॅमेरा, बोलपट हे सारे त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले. असा माणूस, स्वतःची संस्था चालवणारा, शेकडो विद्यार्थी घडवणारा, आणि त्याचे सर्वांत गाजलेले चित्र लोक दुसऱ्याच्या नावाने ओळखतात.

हे कसे झाले? साधा हिशेब मांडू. रविवर्मा १९०६ साली वारले. हळदणकर त्या वेळी चोविशीच्या आसपासचे, चित्रकला शिकत असलेले तरुण. हे चित्र १९४५-४६ चे. मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी कोणी चित्र काढत नाही. एवढे साधे गणित आपण कुणीच केले नाही, मीही नाही. कारण आपल्या मनात चित्र म्हटले की नाव एकच. रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला, मग तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, पुढे श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला. त्या कारखान्यातून निघालेल्या लक्ष्मी, सरस्वती, दमयंती साऱ्या देशाच्या भिंतींवर गेल्या. देवघरात रविवर्मा, पेढीवर रविवर्मा, आगपेटीवरसुद्धा त्यांच्याच धाटणीची बाई. वनस्पती तुपाला आपण जसे ‘डालडा’ म्हणू लागलो, तसे खऱ्यासारख्या दिसणाऱ्या प्रत्येक साडीतल्या बाईला ‘रविवर्मा’ म्हणू लागलो. त्यातून म्हैसूरच्या त्याच कलादालनात रविवर्म्यांची चित्रे खरोखरच आहेत. शेजारी राहणाऱ्याचे आडनाव भाडेकरूला चिकटते, तसाच हा प्रकार.

यात रविवर्म्यांचा दोष नाही. त्यांची थोरवी कमी करण्याचाही माझा हेतू नाही, ‘गॅलेक्सी ऑफ म्युझिशियन्स’ हे त्यांचे चित्र मी त्याच दालनात बराच वेळ पाहत उभा होतो. पण मास्तर म्हणाले ते बरोबर होते : नाव पाटीवर लिहिलेले आहेच, त्याआधी ते रंगात लिहिलेले आहे. तेच आता जरा सविस्तर सांगतो.

तैलरंगात चूक झाली तर खरवडता येते, वरून पांढरा देता येतो. काळोख रंगवून त्यावर शेवटी ज्योतीचा पिवळा ठिपका ठेवता येतो. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग नसतोच. पांढरे म्हणजे कागद. जिथे उजेड हवा तिथे कागद कोरा ठेवायचा, आणि हे पहिल्या हाताच्या आधी ठरवायचे. मग अंधार बाहेरून आत आणायचा, पातळ पाण्याचे एकावर एक हात देत. एक हात सुकू द्यायचा, मग दुसरा. एखादा थेंब गालावर ओघळला तर गेले. रात्रीच्या चित्रात नऊ भाग काळोख आणि एक भाग उजेड. म्हणजे नऊ भाग रंगवताना हात एका भागाला लागता कामा नये. पाणी फार आणि औषध थोडे, असा विनोद लोक आमच्या पॅथीवर करतात. जलरंगाच्या बाबतीत तो विनोद अक्षरशः खरा आहे, आणि गुण तिथेच असतो.

जलरंग म्हणजे कच्चे काम, फार तर तैलचित्राची तयारी, असा समज त्या काळी मुंबईत होता. चित्रे विकत घेणाऱ्या धनिक पारशी रसिकांतही तो होता, आणि जलरंगात काय करता येते हे दाखवण्यासाठी हळदणकरांनी मुद्दाम हे माध्यम घेतले, असे सांगितले जाते. मला हे पटते. तज्ज्ञाला माहीत असलेली गोष्ट गिऱ्हाइकाला पटवायची तर कधीकधी अवघड केस मुद्दाम अंगावर घ्यावी लागते.

आता त्या बोटांविषयी. मी बीएचएमएसच्या पहिल्या वर्षाला होतो तेव्हा आम्हाला अंधाऱ्या खोलीत तळहातामागे टॉर्च धरायला सांगितले होते. बोटांच्या कडा लाल दिसतात. रक्तातले हिमोग्लोबिन निळा आणि हिरवा उजेड शोषून घेते, तांबडा बऱ्याच प्रमाणात आरपार जाऊ देते, म्हणून. पोटाखालच्या सुजेत पाणी आहे की आतडे हे पाहायला डॉक्टर आजही याच युक्तीने टॉर्च लावतात. हळदणकरांच्या बाईच्या बोटांत तो लाल उजेड आहे. नुसता पिवळा रंग देऊनही चित्र चांगले दिसले असते. पण ज्याने अंधारात खऱ्या ज्योतीपुढे खरा हात धरून पाहिला आहे, तोच असा लाल देईल. म्हैसूरला त्या चित्रासमोर उभा राहिलो तेव्हा मी माझाच हात बघितला, हे कबूल करतो.

दालनात अंधार का, याचेही वैद्यकीय उत्तर आहे. कागद काही स्वतः उजळत नाही. कागदाचा पांढरा आणि सर्वांत गडद रंग यांत जेवढा फरक असतो, त्याच्या कितीतरी पट फरक खऱ्या ज्योतीत आणि खऱ्या रात्रीत असतो. तो अंतराचा खड्डा चित्रकार भरू शकत नाही. मग तो डोळ्याला फसवतो : बाकी सारे एवढे खाली नेतो की उरलेला कोरा कागद पेटतो. आपली बाहुली अंधारात क्षणात मोठी होते, पण डोळ्याच्या पडद्यावरच्या अंधारात बघणाऱ्या पेशी पुऱ्या जाग्या व्हायला वीस-तीस मिनिटे लागतात. म्हणून तिथे घाईने आत-बाहेर करू नका, थांबा. आणि जलरंग भर उजेडात विटतात, म्हणून अशा चित्रांवर पन्नास लक्सच्या वर उजेड नसावा असा संग्रहालयांचा दंडक असतो. आपण बैठकीच्या खोलीत ट्यूबलाइट लावतो तिचा उजेड याच्या कितीतरी पट असतो.

दिव्याच्या उजेडातली चित्रे आपल्याकडे पूर्वी नव्हती असे नाही. पण जुन्या लघुचित्रांत रात्र सांगायची म्हणजे आकाशात चंद्र, खाली मशाल, आणि माणसे मात्र दिवसासारखी स्वच्छ. मोगल चित्रकारांत शाहजहानच्या काळचा पयाग हा एक वेगळा, त्याने शेकोटीचा आणि मेणबत्तीचा उजेड चेहऱ्यांवर खरोखर खेळवला. युरोपात मात्र हा स्वतंत्र प्रांतच होता, आणि त्या प्रांतात हळदणकरांचा एक विलक्षण पूर्वज आहे.

फ्रान्सच्या सरहद्दीवर लोरेन नावाचा मुलूख आहे. कधी स्वतंत्र सरदारकी, कधी फ्रान्सचा, कधी जर्मनीचा. सरहद्दीवर राहणे काय असते ते तिथल्या लोकांना आपल्यासारखेच चांगले ठाऊक. तिथे जॉर्ज द ला तूर हा चित्रकार १५९३ मध्ये जन्मला आणि १६५२ मध्ये वारला. त्याच्या बऱ्याच चित्रांत रात्र आहे आणि एकच मेणबत्ती. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात त्याचे सुतार जोसेफचे चित्र आहे. म्हातारा सुतार लाकडाला भोक पाडतो आहे, आणि लहान येशू त्याला मेणबत्ती धरून उजेड दाखवतो आहे. मुलाचा एक हात ज्योतीआड आहे आणि बोटांतून उजेड आरपार दिसतो. म्हैसूरच्या बाईचा तोच हात, तीनशे वर्षे आधी.

ला तूर मेल्यावर जग त्याला विसरले. त्याची चित्रे राहिली, नावे दुसऱ्यांची लागली. कुणी ती ल नँ बंधूंची म्हटली, कुणी होंटहोर्स्टची, कुणी स्पॅनिश चित्रकारांची. अडीचशेहून अधिक वर्षे. १९१५ साली हेर्मान फोस या जर्मन अभ्यासकाने ती एकत्र जुळवून सांगितले की हा सारा एकाच माणसाचा हात. आज ला तूरशिवाय सतराव्या शतकाच्या फ्रेंच चित्रकलेचा इतिहास कुणी लिहीत नाही. मला यातले महत्त्वाचे वाटते ते हे की चित्रावर चुकीचे नाव लागले म्हणजे एक चित्र हरवते असे नाही, तो सगळा माणूसच हरवतो. त्याची इतर चित्रे कुणी शोधत नाही. हळदणकरांची बाकीची चित्रे कोणती, असे मी आज इथे विचारले तर किती हात वर येतील? मी स्वतः दहा वर्षांपूर्वी वर केला नसता.

याउलट एक उदाहरण उत्तरेचे. फिनलंडच्या एरो यार्नेफेल्टने १८९३ साली ‘कास्की’ नावाचे चित्र काढले. रान तोडून, जाळून, राखेत पेरायची शेती. आपल्या खानापूरच्या रानात जुनी माणसे जिला कुमरी म्हणत, तीच. धूर, आग आणि काजळलेली माणसे. मधोमध एक मुलगी थेट आपल्याकडे बघते आहे, तोंड राखेने काळवंडलेले. ती होती योहाना कोक्कोनेन, त्या शेतावरचीच. तो देश तेव्हा रशियाच्या ताब्यात होता, आणि भाषेचा प्रश्न त्यांच्याकडेही पेटलेला होता. पण आज तिथे चित्रकाराचे नाव माहीत आहे आणि त्या शेतमजूर मुलीचेही. हेल्सिंकीच्या आतेनेउम संग्रहालयात ते चित्र आहे.

आपल्या चित्रातल्या बाईलाही नाव आहे. त्या हळदणकरांच्या कन्या, गीताबाई, सासरच्या उपलेकर. दिवाळीचे दिवस होते, आईची साडी नेसून त्या हातात दिवा घेऊन उभ्या होत्या, आणि वडिलांना चित्र दिसले, असा तो प्रसंग त्यांनीच लोकांना सांगितलेला आहे. मग वडिलांसमोर तासन्‌तास तसेच उभे राहणे आले. ज्यांनी घरी कधी चित्रकाराला बैठक दिली असेल त्यांना ठाऊक असेल, उचललेला हात अर्ध्या तासात शिशासारखा होतो. चित्रातली बाई इतकी शांत दिसते, त्या शांतपणाची किंमत तिच्या खांद्याने भरली आहे. गीताबाई पुढे कोल्हापुरात राहिल्या. शंभरी ओलांडून २०१८ साली तिथेच त्यांचे निधन झाले. वर्तमानपत्रांत बातमी आली तेव्हा दवाखान्यात मी ती मोठ्याने वाचून दाखवली. बाकावरच्या एक आजी चित्राकडे बोट करून म्हणाल्या, “म्हणजे ही आताआतापर्यंत कोल्लापुरातच होती की काय!” होय आजी. बेळगावहून एस. टी.ने अडीच-तीन तास. मी कधी गेलो नाही. भेटता आले असते.

नकाशा डोळ्यांपुढे आणा. चित्रकार सावंतवाडीचा, आपल्या पश्चिमेला, घाटाखाली. ज्यांना पाहून चित्र काढले त्या कोल्हापुरात, उत्तरेला. चित्र म्हैसुरात, दूर दक्षिणेला. मध्ये आपण. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर या मुलखात कुठले गाव कुणाचे यावर जेवढे बोलले गेले तेवढे दुसऱ्या कशावर नसेल, आणि त्या बोलण्यात माझे वडीलही होते. तो विषय आजचा नाही. पण जे नि:संशय आपले होते, ज्याच्या मालकीबद्दल कुठल्याही कोर्टात वाद नव्हता, ते नाव आपण आपल्याच भिंतीवर चुकीचे टांगून ठेवले. आणि ते बरोबर लिहून ठेवले कुठे, तर म्हैसूरच्या पाटीवर. मला हे बोचते.

हे चित्र आपल्या घरांत इतके का रुजले, याचेही उत्तर शोधायला हवे. माझ्यापुरते सांगतो. आमच्या जैन घरात सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकत. त्यामुळे शेजारच्या घरांत रात्री चुलीचा उजेड असे, तसा आमच्याकडे नसे. चूल गार झालेली, आणि घरभर एकच दिवा. आमच्या गावातल्या घरात वीज आली तेव्हा मी शाळेत जात होतो, त्याआधीच्या रात्री मला आठवतात. आजी माजघरातून परसदारी दिवा न्यायची तेव्हा असाच हात धरायची. वारा हे एक कारण. दुसरे, पतंग-चिलटे ज्योतीवर येऊन पडू नयेत. उघडा दिवा तिला आवडत नसे. काचेचा कंदील आला तेव्हा सर्वांत जास्त आनंद तिलाच झाला. दिव्याबरोबर भिंतीवर तिची सावली आधी मोठी होत जाई आणि मग ती दारातून गेली की सगळी भिंत काळी. आम्ही मुले त्या काळ्या भिंतीकडे बघत पडून राहायचो, ती परत येईपर्यंत.

वीज नसलेली रात्र ज्यांनी पाहिली अशी आमची बहुधा शेवटची पिढी. हळदणकरांनी चित्र काढले तेव्हा मुंबईत विजेचे दिवे केव्हाच आले होते, तरी त्यांनी दिवा घेतला. त्यांच्या लहानपणच्या वाडीत रात्री तोच होता. या चित्रात जुना काळ रंगवायचा असा त्यांचा विचार होता असे मी म्हणणार नाही. पण उजेडाचा हात कसा दिसतो हे त्यांना कुठल्या स्टुडिओत शिकावे लागले नसणार.

बेळगावात चित्रकलेची परंपरा कमी नाही. के. बी. कुलकर्णी सरांनी इथे पिढ्या घडवल्या, रवी परांजपे त्यांच्याच हाताखाली शिकून देशभर गेले. म्हणजे आपल्याला चित्रातले कळत नाही असे म्हणायलाही जागा नाही. तरी माझ्यासारखा शिकलेला माणूस वीस वर्षे छापील चुकीवर विसंबला आणि ज्याला खरे माहीत होते त्याला हसला.

म्हैसूरहून आल्यावर मी ते चित्र उतरवले. काच पुसली. खालच्या इंग्रजी नावावर पांढरी पट्टी चिकटवली आणि तिच्यावर देवनागरीत लिहिले : चित्रकार सा. ल. हळदणकर, सावंतवाडी. छायेत उभ्या : कन्या गीता. अक्षर माझे आहे, म्हणजे डॉक्टरचे, तेव्हा कंपाउंडरकडून पुन्हा लिहून घ्यावे लागले. अजूनही आठवड्यातून एखादा रुग्ण वर बघून म्हणतो, “रविवर्म्याचं नव्हं काय हे?” मग मी गोळ्यांची बाटली खाली ठेवतो, आणि बाहेर बसलेल्यांना थोडा जास्त वेळ थांबावे लागते.